घाटात बंद पडणारी मारुती: कार्बोरेटर ठेवू की इंजेक्शन बसवू?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, शाळेत शिकवते. वडिलांची १९९६ ची मारुती ८०० आता मीच चालवते. शाळेला स्कूटरने जाते, गाडी आठवड्यातून एकदोनदा निघते. महिन्यातून एकदा बाबांना घेऊन मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वरला बहिणीकडे जाते. वर्षभरापासून त्रास सुरू आहे. सकाळी चोक ओढूनही लवकर सुरू होत नाही. घाट चढून वर थांबलं की पुन्हा सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी धरते, ॲव्हरेज सोळावरून अकरावर आलंय. बॉनेटकडून पेट्रोलचा वासही येतो. एक मिस्त्री म्हणतात, "कार्बोरेटरचा जमाना गेला, भंगारातल्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीचं किट बसवतो, चाळीस हजारांत गाडी नवी." दुसरे म्हणतात, "घाटात हवा विरळ असते म्हणून धूर मारते, कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, म्हणजे जेट, बारीक करतो." बाबा म्हणतात, कंपनीनं दिलंय ते काढायचं नाही. दोन्ही मिस्त्री माझ्याशी न बोलता माझ्या मिस्टरांशी बोलतात. त्यांना तर गाडी चालवताही येत नाही. पुढच्या काही महिन्यांत गाडीचं पासिंग आहे. काय करू?

उत्तर:

ताई,

कार्बोरेटर की इंजेक्शन, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कशानं द्यायचं, हे नंतर बघू. पत्राच्या शेवटाकडे तुम्ही पेट्रोलच्या वासाचं एक वाक्य लिहिलंय, ते खरं तर पहिलं हवं होतं. वास थांबेपर्यंत गाडी काढू नका, बाबांना शेजारी बसवून घाटात तर मुळीच नाही. सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडा आणि पेट्रोलचा प्रत्येक रबरी पाइप बोटांनी दाबून बघा. कडक झालेला, भेगा पडलेला, चिकट लागणारा किंवा क्लिपजवळ ओलसर असलेला पाइप त्याच दिवशी बदलायचा. पेट्रोल पंपाच्या खालची बाजू आणि कार्बोरेटरचं बूडही ओलं आहे का बघा. मागे टाकीकडचे छोटे पाइप कुणी बघत नाही, तेही बघायला सांगा.

तुमच्या गाडीचं रबर ज्या पेट्रोलसाठी बनलं, ते पेट्रोल आता मिळत नाही. जून २०२२ मध्ये देशानं पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के, उसापासूनही होणारं इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला, २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल, म्हणजे ई-२०, पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. आपल्या सांगली-साताऱ्याच्या उसाला त्यानं गिऱ्हाईक मिळालं, ते चांगलंच झालं. पण नव्वदच्या दशकातले पाइप, पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) आणि कार्बोरेटरची पॅकिंगं त्यासाठी केलेली नव्हती. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा चिरतं. टाकीतला जुना गंज आणि मळही ते सोडवून पुढे पाठवतं. त्यामुळे दुकानात नुसता 'पेट्रोलचा पाइप' मागू नका, ई-२० ला चालणारा मागा. हा खर्च कार्बोरेटर ठेवला तरी करायचा आहे आणि इंजेक्शन बसवलं तरी करायचाच आहे.

आता धुराकडे येऊ. दुसऱ्या मिस्त्रींचं म्हणणं ऐकायला पटतं, पण हिशेबात बसत नाही.

उंचावर हवा विरळ होते आणि कार्बोरेटरला ते कळत नाही, हे खरं आहे. दूध लिटरनं मोजणाऱ्याला फॅट किती ते कळत नाही, तसं कार्बोरेटर हवेचा वेग बघून पेट्रोल सोडतो, त्या हवेत दम किती आहे हे त्याला समजत नाही. म्हणून उंचावर हवेच्या मानानं पेट्रोल जास्त पडतं. पण किती जास्त? सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. एवढ्या चढाला हवा सहा-साडेसहा टक्के विरळ होते आणि कार्बोरेटरचं मिश्रण जेमतेम तीन टक्के जाड होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल तेवढं वाढतं. कोकणातून, समुद्राच्या पातळीवरून थेट महाबळेश्वर गाठलं तरी सहा-सात टक्केच. तेवढ्यानं पिकअप थोडा मंदावेल, स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं चालणं) जरा जड लागेल, पण सायलेन्सरला काजळी धरणार नाही.

आणि इथेनॉल उलट्या बाजूला ओढतं. निव्वळ पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेरा भाग पुरते. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बसवलेला जेट आज ई-२० वर सात-आठ टक्के कमी पडतो. चढामुळे तीन टक्के जाड, इथेनॉलमुळे सात-आठ टक्के पातळ. सगळं धड असतं तर तुमच्या गाडीनं महाबळेश्वरलाही काळं मारायला नको होतं. तरी ती मारतेय, म्हणजे पेट्रोल कुठून तरी नको तितकं आत जातंय.

अशा वेळी जेट बारीक केला तर दोष तसाच राहील आणि मिश्रण आणखी पातळ होईल ते नेमकं भर चढावर, इंजिन पुरा भार ओढत असताना. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, व्हॉल्व्ह जळतात, पिस्टनलाही इजा होऊ शकते. कृपा करून जेटला हात लावू देऊ नका. तार घालून साफ करायलाही नको. जेट पितळेचा असतो. तारेनं भोक जरासं वाढलं तरी पेट्रोल जास्त जातं, आणि अनेक जुन्या कार्बोरेटरांचं आजारपण अशाच साफसफाईतून सुरू झालेलं असतं. तुमच्या गाडीतही आधीच असं झालं असेल, तर जेट बारीक करायचा नसतो, कंपनीच्या मूळ नंबराचा बसवायचा असतो.

ॲव्हरेजचंही तसंच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ई-२० मध्ये सहा-सात टक्के घट धरायची. सोळाचे पंधरा झाले असते तर मी काही म्हटलं नसतं. पंधरावरून अकरा झाले ते दोषामुळे.

हा दोष शोधायला एक साधन तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातच असेल. मागचं पीयूसी काढा. त्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळालेलं पेट्रोल) असे दोन आकडे असतात. तुमच्या काळातल्या गाडीला सीओची मर्यादा ३ टक्के आणि एचसीची १५०० पीपीएम आहे. नीट लावलेला कार्बोरेटर दीड-दोन टक्क्यांच्या आत बसतो. सर्टिफिकेट जुनं असेल तर वासाचं काम झाल्यावर इंजिन चांगलं गरम करून नव्यानं तपासून घ्या, आणि पास की नापास यावर न थांबता आकडा मागून घ्या. सीओ भरमसाट असेल तर पेट्रोल जास्त पडतंय. सीओ बरा आणि एचसी मात्र खूप, असं निघालं तर पेट्रोल न जळताच बाहेर जातंय. मग बघायचं ते प्लग, वायर, टायमिंग, आणि गाडीत पॉइंट असतील तर पॉइंट-कंडेन्सर. कार्बोरेटरला दोष देऊन उघडलेल्या कितीतरी गाड्यांचा आजार करंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा, असतो.

एक गोष्ट तुम्ही स्वतः दोन मिनिटांत बघू शकता. एअर फिल्टरचं झाकण काढा. फिल्टर मातीनं भरला असेल तर तोच एक गुन्हेगार निघायचा. मग चोकची खुंटी पूर्ण आत ढकलून कार्बोरेटरच्या तोंडात बघा. चोकची पट्टी सरळ उभी राहायला हवी. केबल अडकून ती जराशी जरी आडवी राहिली, तर तुम्ही अर्धा चोक ओढूनच गाडी हाकताय असं समजा. काजळी आणि अकराचं ॲव्हरेज या एकट्या कारणानंही होऊ शकतं. पट्टी ठीक असेल तर पुढचा संशय कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी सांभाळणाऱ्या फ्लोट आणि निडलवर. निडल झिजली किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं की कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. तुमचा वास, काजळी आणि घाटातलं बंद पडणं, तिन्ही त्यात बसतात.

घाटाच्या माथ्यावर थांबल्यावर काय होतं तेही सांगते. इंजिन बंद केलं की पंखा, पाणी, वारा सगळं थांबतं, पण इंजिनाची ऊब वर चढत राहते. ती कार्बोरेटरला लागते. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पेट्रोल लवकर उकळतं. ते उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीत) सांडलं तर इंजिन पेट्रोलनं गच्च होतं. नळीतच त्याची वाफ झाली तर उलट पेट्रोल पोचतच नाही, त्याला मिस्त्री एअर लॉक म्हणतात. तिसरी शक्यता म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर तापून करंट सोडतो आणि गार झाला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. तिन्हींत गाडी वीस मिनिटांनी सुरू होते, पण औषधं तीन वेगळी.

वासाचं काम झाल्यावर पुन्हा कधी अशी अडली तर हे करून बघा. ॲक्सिलरेटर हळूच पूर्ण खाली दाबून धरा, पंप करू नका, आणि पाच-सहा सेकंद स्टार्टर मारा. भसकन काळा धूर सोडून सुरू झाली तर इंजिन गच्च झालं होतं. निडल, फ्लोट आणि कार्बोरेटरखालचा उष्णता अडवणारा जाड पॅकिंगचा तुकडा बघायचा. काहीच झालं नाही तर चावी काढून घ्या, आसपास कुणी विडी-सिगरेट ओढत नाही ना बघा, फिल्टरचं झाकण काढा आणि कार्बोरेटरवरची ॲक्सिलरेटरची दांडी हातानं एकदा ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसायला हवी. कोरडं असेल तर पेट्रोल येत नाही, मग पंप आणि गरम भागाला टेकलेली नळी बघायची. पिचकारी येतेय, गच्चही नाही, तरी सुरू होत नाही, तर करंट. तो मात्र स्वतः तपासू नका. उघड्या कार्बोरेटरजवळ ठिणगी नको, ते काम मिस्त्रींचं. आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, हे घाटाआधीच बघून घ्या.

सकाळच्या त्रासासाठी प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघून घ्या, आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. हे मोजमाप कुठल्याही मोठ्या खर्चाच्या आधी झालंच पाहिजे. कॉम्प्रेशन उतरलेलं असेल तर चाळीस हजारांचं इंजेक्शनही गाडी नवी करणार नाही.

आता पहिल्या मिस्त्रींचं किट. इंजेक्शन कार्बोरेटरपेक्षा सरस आहे, यात मला शंका नाही. हवेचा दाब आणि तापमान सेन्सर मोजतात, सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर जळण कसं झालं ते कळवतो, आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. त्याला महाबळेश्वर आणि महाड यांतला फरक कळतो, इथेनॉलही बऱ्याच अंशी सांभाळता येतं. पेट्रोल कार्बोरेटरच्या दहापट दाबानं येतं आणि उरलेलं टाकीत परत जातं, म्हणून वाफ धरत नाही. चोक नाही, सकाळची ओढाताण नाही. एप्रिल २००० पासून देशभर नवे प्रदूषण-नियम आले आणि आपल्या मोटारींतून कार्बोरेटर गेला तो काही उगाच नाही.

पण ही स्तुती कारखान्यातून तशी बाहेर पडलेल्या गाडीची आहे. तुमच्या गाडीत ते बसवायचं म्हणजे मॅनिफोल्ड आणि इंजेक्टर आलेच. थ्रॉटल बॉडी, कॉम्प्युटर, सगळे सेन्सर, जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप, तो बसेल अशी टाकी, पेट्रोल नेणारी आणि परत आणणारी दाब सोसणारी नळी, करंटची बदललेली रचना, पूर्ण वायरिंग आणि डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा, एवढं सगळं बदलतं. यातलं काय काय 'किट'मध्ये आहे, हे मिस्त्रींना कागदावर लिहून द्यायला सांगा. बहुतेक ठिकाणी टाकी जुनीच ठेवतात, बाहेरून पंप टांगतात आणि वायरिंग तोडून जोडतात. दहापट दाबाचं पेट्रोल जुन्या नळीतून गेलं तर गळती ही नुसती वासाची गोष्ट राहत नाही, गाडी पेटते. अपघात झाला किंवा इंजिन बंद पडलं तर पंप आपोआप थांबायला हवा, तीही सोय हवी.

शिवाय सामान भंगारातलं. ८०० ला इंजेक्शन २००० च्या सुमारास आलं आणि गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे मिळणारा प्रत्येक सेन्सर आणि पंप आज किमान दहा-बारा वर्षं जुना, कदाचित पंचवीस. कार्बोरेटर बिघडला तर गाडी कुरकुरत का होईना घरी येते. पंप किंवा इंजिन फिरतंय हे सांगणारा सेन्सर गेला तर जागेवर उभी राहते. केळघर घाटात पावसाळी संध्याकाळी, बाबा सोबत असताना, दुसऱ्याच कुणीतरी जोडलेलं वायरिंग कोण उकलणार? ते जोडणारा एकच माणूस असेल आणि तो तुमच्याशी बोलतही नसेल, तर ती गाडी तुमची राहत नाही.

कायद्याकडेही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन आहे. नुसतं सामान न बदलता अख्खं इंजिनच उचलून बसवलं, असंही लोक करतात, तर इंजिन नंबर बदलतो आणि आरसी बुकाशी जुळत नाही. तुमची गाडी १९९६ ची, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग. तिथे चॅसिस आणि इंजिन नंबर तपासतात. म्हणून पासिंगच्या तोंडावर असा बदल नकोच. पुढे कधी करायचा झाला तर आधी साताऱ्याच्या आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

माझं मत स्पष्ट सांगते. आठवड्यातून एकदोनदा निघणाऱ्या तुमच्या गाडीला कार्बोरेटरच ठेवा. तीच गाडी तुम्ही रोज कराड-सातारा पळवत असता, किंवा पूर्ण चालू अशी एमपीएफआय ८०० स्वस्तात मिळाली असती, जिचं इंजेक्शन चालताना बघता आलं असतं आणि टाकीपासून डॅशबोर्डपर्यंत एकही वायर न तोडता सगळं उचलता आलं असतं, तर मी वेगळं बोलले असते. तेव्हाही बहुधा हेच म्हणाले असते की ती दुसरी गाडीच चालवा आणि बाबांची आहे तशी ठेवा.

चाळीस हजारांपैकी थोडा भाग इथे खर्च करा: सगळे पाइप आणि क्लिपा, पेट्रोल फिल्टर, पंप किंवा त्याचा डायफ्राम, कार्बोरेटरचं चांगल्या कंपनीचं किट, मूळ नंबराचे जेट, प्लग-वायर, टॅपेट, टायमिंग. टाकी उतरवून आतून बघायला सांगा; गंज असेल तर साफ केल्याशिवाय नवा कार्बोरेटरही आठवड्यात तुंबेल. कार्बोरेटर उघडल्यावर थ्रॉटलची (ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या पट्टीची) दांडी हलवून बघायला सांगा. ती खिळखिळी असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि स्लो कधीच बसत नाही, मग तिला बुश घालून घ्यावी लागते. सगळं झाल्यावर मिश्रण कानानं न लावता पीयूसीच्या मशिनवर लावून घ्या, गाडीत ई-२० असतानाच. सीओ दीडच्या आसपास ठेवा, अगदी शून्याकडे नको. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी बरीचशी भरलेली ठेवा, म्हणजे आत ओल कमी धरते, आणि आठवड्याला एकदा इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत फिरवून आणा.

मिस्त्रींच्या बोलण्याचं मला वाईट वाटलं. गाडी घाटातून चालवून आणणाऱ्या तुम्ही, आणि समजावून सांगायचं दुसऱ्याला? दुसरे मिस्त्री निदान कार्बोरेटर उघडायला तयार आहेत, असे हात आता कमी होत चाललेत, म्हणून त्यांना सोडू नका. पण जाताना एकट्या जा, पीयूसीचा कागद हातात ठेवा आणि विचारा: "सीओ इतका आहे, इथेनॉलनं मिश्रण पातळ व्हायला हवं, मग जाड कुठून झालं?" जुना जाणकार मिस्त्री या प्रश्नाला तुमच्याकडे बघूनच उत्तर देईल. नाही दिलं, तर पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत विचारत चला, दुसरे सापडतील.

चोकची पट्टी उभी आहे की आडवी, आणि सीओ किती निघाला, हे मला कळवा. जेटचा नंबर कुठला घ्यायचा ते त्यानंतर बोलू.